डेव्हलपमेंटसाठी रेडिस कंटेनरमध्येच चालवावा, थेट मशीनवर नको

गोदाकाठ: रेडिस म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस, आणि कंटेनर म्हणजे प्रोग्राम त्याला लागणाऱ्या गोष्टींसह वेगळा चालवायची पेटी. नाशिकच्या छोट्या टीममध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर रेडिसची व्हर्जन वेगळी असते, मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ सुरू होतं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंगची फाइल) व्हर्जन पक्की लिहा, ‘लेटेस्ट’ नको. मार्च २०२४ मध्ये रेडिसचं लायसन्स बदललं आणि त्याच्याच कोडमधून व्हाल्की वेगळा निघाला. उद्या सर्व्हरवर व्हाल्की आला, तर इमेजचं (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) नाव बदलून लगेच तपासता येतं.

सातपूरचा: आठ जीबीच्या लॅपटॉपवर डॉकर डेस्कटॉप लावून बघा, मग बोलू. त्याला लागणारं डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) निम्मी रॅम घेऊ शकतं. वर ब्राउझर, एडिटर. एवढ्याशा रेडिससाठी एवढा पसारा? एपीटीने (लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) टाका, विषय संपला.

गोदाकाठ: एपीटी विंडोजवर कुठून आणणार, राव? रेडिसला विंडोजचा अधिकृत सपोर्टच नाही, त्यामुळे तुम्हालाही डब्ल्यूएसएल लागणारच. रॅम खातं ते डब्ल्यूएसएल, आणि त्याला मर्यादा घालता येते. लिनक्सवर तर कंटेनर मशीनच्याच कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालतो.

द्राक्षबाग: रॅम सोडा, पोर्ट बघा. डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसताना बाहेरची कनेक्शन नाकारणारी सोय) बंद असतो. कंपोज फाइलमध्ये रेडिसचा पोर्ट नुसता ६३७९:६३७९ असा लिहिला की पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडा, आणि यूएफडब्ल्यूने (लिनक्सचा फायरवॉल) अडवलाय असं वाटत असलं तरी डॉकरचे नियम त्याला बगल देतात. कॉलेज रोडच्या कॅफेत बसून काम करणाऱ्यांनी तरी पुढे १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे फक्त स्वतःचं मशीन) लावावं. एपीटीचा रेडिस मुळातच लोकलहोस्टवर बसतो, हा मुद्दा सातपूरचाकडे जातो.

सातपूरचा: घ्या! आणि डेटा? लासलगावच्या कांदा लिलावाचे भाव टेस्टला भरले, कंपोज डाउन करून कंटेनर काढला, परत अप केलं, तर सगळं रिकामं.

गोदाकाठ: रिकामंच हवं. भाव भरायला स्क्रिप्ट ठेवा. जुन्या कीजवर (रेडिसमधल्या नोंदी) टेस्ट पास होण्यापेक्षा ते बरं. डेटा हवाच असेल तर नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा ठेवायची जागा) लावा. बिननावाचे व्हॉल्यूम डाउननंतरही डिस्कवर पडून राहतात, तेवढे साफ करा.

द्राक्षबाग: आणि मॅक्समेमरी, म्हणजे रेडिसची स्वतःची मेमरी मर्यादा. कंटेनरला मेमरीची मर्यादा घातली तरी रेडिसला ती कळत नाही. भरत जातो, कर्नल मारतो, हाती उरतो एक्झिट कोड १३७ (जबरदस्तीने बंद केल्याची खूण). मॅक्समेमरी कंटेनरच्या मर्यादेहून कमी ठेवा. सर्व्हरवरची इव्हिक्शन पॉलिसीही (मेमरी भरल्यावर कोणत्या कीज काढायच्या तो नियम) इथे लावा, नाहीतर कीज गायब झाल्यावर कोड काय करतो ते थेट ग्राहकाकडे कळेल.

सातपूरचा: म्हणजे पोर्ट, व्हॉल्यूम, मेमरी, पॉलिसी, एवढं सांभाळायचं. माझ्या लिनक्सवर एपीटीच राहील. टीमच्या कंपोज फाइलमध्ये मात्र १२७.०.०.१ आजच टाकतो.