पीटीच्या तासाला बैठे व्हॉलीबॉल खेळवावे का?

क्रीडाशिक्षिका, सांगली जिल्हा
३ डिसेंबरला, दिव्यांग दिनानिमित्त, आमच्या शाळेत दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते आणि ‘जिद्द’ हा शब्द शंभरदा ऐकून आपण घरी जातो. यंदा मी त्याऐवजी सातवीला बैठे व्हॉलीबॉल खेळवले. चुन्याने १० बाय ६ मीटरचे मैदान आखले आणि जाळी १.१५ मीटरवर बांधली. चेंडू खेळताना बैठक जमिनीवरून सुटली की फाऊल, एवढा एकच नियम सांगितला. एरवी उंच उडी घेऊन स्मॅश मारणारी मुले हात टेकत सरकताना दहा मिनिटांत घामाघूम झाली. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, जलतरणात सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी आपल्याच जिल्ह्याचे. त्यांच्यावर भाषणे पाठ करून घेण्यापेक्षा असे खेळ अभ्यासक्रमातच असावेत, असे माझे मत आहे.

पालक, ठाणे
मॅडम, माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो, म्हणून थोडे परखड लिहितो. त्याच्या शाळेतही ‘जाणीव दिन’ झाला. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली मुले भिंतींवर आदळली आणि ‘बिचारे कसे जगत असतील’ असे म्हणत घरी गेली. पट्टी बांधल्यावर पहिल्या तासात कळते ती केवळ भीती. पांढऱ्या काठीने रोज लोकल पकडणाऱ्या माणसाचे कसब त्यात कुठेच दिसत नाही. त्या दिवशी माझ्या मुलाला गुण लिहायला बसवले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १६ व्या कलमात खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे, गुणलेखनाची नव्हे.

क्रीडाशिक्षिका
सोंगाबद्दल आपण म्हणता ते मान्य. मात्र गोलबॉल या दृष्टिहीनांच्या चेंडूच्या खेळातली पट्टी वेगळी आहे. कुणाला अंधुक दिसते, कुणाला मुळीच नाही, म्हणून सर्वच खेळाडूंच्या डोळ्यांवर ती असते. सव्वा किलोच्या चेंडूतल्या घुंगरांचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रेक्षकांनाही गप्प बसावे लागते. तिथे पट्टी हा खेळाचा नियम आहे.

निवृत्त मुख्याध्यापक
हे सारे उत्तम. पण पीटीचा तास गणिताचे सर मागून नेतात, ही वस्तुस्थिती आहे. आहे तो तास आधी वाचवा, नवे खेळ मग आणा.

पालक, ठाणे
सर, तास वाचला तरी तो कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. मॅडम, आपल्या सातवीत दिव्यांग मूल आहे का?

क्रीडाशिक्षिका
एक मुलगा आहे, पायात कॅलिपर वापरतो. त्या दिवशी तो कॅलिपर काढून खेळला आणि त्याच्या सर्व्हिसवर सलग चार गुण मिळाले. पुढच्या आठवड्यात जाळी पुन्हा वर गेली आणि गुण लिहायची वही त्याच्या हाती मीच दिली.