डीएचएलचं उदाहरण देणं आता बंद करा राव

राईनकाठी: खाजगीकरणाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास टाकतंच, जर्मनीचं पोस्ट बघा, कालपर्यंत सरकारी खातं होतं आणि आज जगभर पार्सल-कुरिअर पोचवणारी डीएचएल. अहो पण पैसा कुठून आला ते कोण सांगणार? 1995 ला कंपनी झाली, 2000 च्या नोव्हेंबरात शेअर बाजारात आली, आणि त्याच काळात आधी डान्झास ही स्विस मालवाहतूक कंपनी घेतली, मग हळूहळू अख्खी डीएचएल. पत्रांची मक्तेदारी मात्र हातात ठेवूनच. ती 2002 ला संपायची होती, वाढवून 2007 पर्यंत नेली. आणि 1 जानेवारी 2008 ला दार उघडलं तेव्हा पोस्टमनसाठी किमान वेतन असं लावलं की नवे आत यायच्या आधीच गळपटले. पिन नावाची स्पर्धक कंपनी तिथेच कोसळली. म्हणजे दार उघडं पण बाहेरून कडी. याला बाजारातलं यश म्हणायचं?

चष्मेबद्दूर: किमान वेतन चूक होतं का? पत्र टाकणाऱ्याला कमी पैसे द्यायचे आणि त्याला स्पर्धा म्हणायचं, मस्तच.

राईनकाठी: वेतन चूक नाही हो, ते लावायची वेळ बघा. आणि 2010 ला कोर्टानं तो नियम बेकायदा ठरवला तोवर पिनवाले कुठे होते?

पिवळी_पेटी: तुम्ही गोष्ट मधूनच सुरू करताय. पूर्व-पश्चिम जर्मनीचं एकीकरण झालं तेव्हा पूर्वेचं मोडकळीला आलेलं पोस्ट यांच्या गळ्यात पडलं. पिनकोड चार आकडी आणि दोन्हीकडे तेच, 5300 म्हणजे पश्चिमेचं बॉनही आणि पूर्वेचं वायमारही, म्हणून पुढे डब्ल्यू (पश्चिम) नाहीतर ओ (पूर्व) लिहायचं आणि लोक विसरले की पत्र गेलं भलतीकडे. 1993 च्या जुलैत एका झटक्यात अख्ख्या देशाला पाच आकडी कोड दिले, पार्सलसाठी 33 नवी केंद्रं बांधली. ही कामं पोस्टचा प्रमुख झुमविंकेल याच्या काळात झाली (तो पुढे 2008 ला टॅक्स चोरीत अडकून गेला ते सोडा). आणि तुमच्या त्या लुटारू मक्तेदारीत साध्या पत्राचं तिकीट 2003 पासून 2012 संपेपर्यंत 55 सेंटच होतं.

राईनकाठी: तिकीट वाढलं नाही कारण ते आधीच जास्त होतं, नियामकानं दरावर कमाल मर्यादा ठेवली होती. आणि कमावलेलं गेलं कुठे? अमेरिकेत एअरबोर्न ही कुरिअर कंपनी घेतली 2003 ला, देशांतर्गत धंदा जमेना, 2008 ला गाशा गुंडाळला. ओहायोतल्या विल्मिंग्टनमध्ये विमानतळाच्या जिवावर चाललेलं गाव होतं, हजारो लोक घरी बसले.

नाक्यावरचा: जुगार एखादा हरतोच हो. अंधेरीचं ब्लू डार्ट त्यांनीच घेतलं, ते बरं चाललंय की.

चष्मेबद्दूर: मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. 2023 ला ग्रुपच्या नावातून पोस्टच काढून टाकलं. नव्या कायद्याप्रमाणे 2025 पासून 95 टक्के पत्रं तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली की झालं, पूर्वी 80 टक्के दुसऱ्याच दिवशी पोचवायला लागायची. तिकीट 95 सेंट. आणि 2025 च्याच मार्चमध्ये जाहीर केलं की पत्र-पार्सल विभागातल्या 8,000 जागा कमी करणार.

पिवळी_पेटी: पत्र लिहितं कोण आता? डेन्मार्कच्या पोस्टनं तर 2025 संपता संपता पत्रं वाटणंच बंद केलं. जर्मनीत निदान आठवड्यातले सहा दिवस माणूस फिरतो, तोही खेडोपाडी, आणि तो खर्च पार्सलमधून निघतो म्हणूनच फिरतो. 95 सेंट महाग वाटतंय तर शेजारी फ्रान्समध्ये बघा, 2025 लाच साधं तिकीट 1.39 युरो झालं होतं.

राईनकाठी: बरं झालं फ्रान्स काढलंत. त्यांचं पोस्ट पण डीपीडीच्या नावानं देशोदेशी पार्सलं पोचवतं, आणि ते अजून पूर्ण सरकारी मालकीचं आहे. मग जगभर जायला शेअर विकावेच लागतात हे कुठून काढलं?