पंचगंगेत बांगडा सापडला! ई-डीएनएचा निकाल कसा वाचायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्प पंचगंगेतल्या माशांचा आहे, पण जाळं न टाकता. मासे पाण्यात पेशी, बुळबुळीत स्राव, विष्ठा सोडत असतात. ते पाणी गाळून त्यातला डीएनए (यालाच ई-डीएनए, म्हणजे पर्यावरणातला डीएनए म्हणतात) वाचला की माशांची यादी मिळते. २००८ मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉगचा माग असाच काढला होता.

नमुने तीन ठिकाणचे: शहराच्या वर प्रयाग चिखली, शहर संपल्यावर, आणि नृसिंहवाडीच्या संगमाआधी. फिल्टर ०.४५ मायक्रॉनचा. प्रयागला लिटरभर पाणी आरामात गेलं. शहराखाली साडेतीनशे मिलिलीटरलाच फिल्टर चोंदला, पंप मारून हात दुखले ते वेगळंच. पुढचं काम बाहेरच्या लॅबने माय-फिश प्रायमर (माशांच्या डीएनएचा ठरावीक तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे डीएनए-तुकडे) वापरून केलं. त्यात मायटोकॉन्ड्रियातल्या १२एस जनुकाचा सुमारे १७० अक्षरांचा तुकडा वाचतात.

निकालात चिलापी, मरळ, रोहू, कटला आले. आणि शहराखालच्या नमुन्यात चक्क बांगडा आणि सुरमई! सर म्हणाले, "डबा कुणी आणला होता गं?" अहो, डब्यात अख्खा मसूर होता!

त्याच दिवशी नदीकाठी कोरा नमुना म्हणून डिस्टिल्ड वॉटरही गाळलं होतं. ते स्वच्छ आलं, म्हणजे आमच्या हातून काही मिसळलेलं नाही. प्रयागच्या पाण्यातही बांगडा नाही. म्हणजे तो स्वयंपाकघरांतून आणि मासळी बाजारातून नाल्यावाटे आला असावा, असं मला वाटतं.

बांगड्याचं एक सोपं आहे, समुद्र घाटाखाली आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण बाजारात रोहू-कटलाही विकले जातात. मग यादीतला रोहू नदीत पोहणारा की कुणाच्या परातीत धुतलेला, हे कसं ठरवायचं? कटलाचे रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) सगळ्यात जास्त आहेत, पण त्यावरून कटला जास्त आहे असं लिहू नको, असं सरांनी बजावलंय. ते पटतंही.

प्रयागला महसीरचाही माग लागला, पण ओळख 'टॉर' या प्रजातीपर्यंतच (जीनस) थांबली, नेमकी जात (स्पीशीज) कळेना. एवढ्या छोट्या तुकड्यावर टॉर खुद्री (महसीरची एक जात) वेगळा काढता येतो का? की सीओआय (जाती ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातलाच दुसरा जनुक) हाही वाचावा लागेल? लॅबचं बिल बघून विचारतेय.

ता.क.: खाली एकांनी सुचवलंय की नाला नदीला मिळतो तिथे नाल्याचं पाणी वेगळं तपासावं. कल्पना आवडली, रविवारी जातेय. पण नदीचंच पाणी साडेतीनशेला अडलं, तर नाल्याचं किती जाणार? आधी जाड जाळीतून गाळून घेतलं तर डीएनए त्या जाळीतच अडकून राहील का? कुणी असं पाणी गाळलं असेल तर शनिवारपर्यंत सांगा, प्लीज.