व्हॉट्सअ‍ॅप बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी वर्कशॉपमध्ये या

फिटर_मास्तर_सातारा:
परवा इथे एकांनी लिहिलं की परदेशी शाळांशी आयटीआयची भागीदारी फसते, कारण आपले निदेशक व्हॉट्सअ‍ॅप सोडत नाहीत. एक प्लॅटफॉर्म सक्तीचा करा, प्रश्न मिटला. डोकं फिरलं वाचून. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार झाल्यापासून जो तो जर्मनीवर बोलतोय, पण फाइल, म्हणजे कानस, हातात धरलेले त्यात किती?

आमची तिकडच्या एका शाळेशी देवाणघेवाण चालू आहे. मूडल या ऑनलाइन शिकवणीच्या प्लॅटफॉर्मची लॉगिन मिळाली. संगणक स्टोअरच्या खोलीत, चावी दुसऱ्याकडे. पोरांच्या खिशात मात्र फोन आहे. एकाने डव्हटेलच्या (तिरक्या खाचेच्या सांध्याच्या) जॉबचा, म्हणजे घासून बनवलेल्या तुकड्याचा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, शेजारी मापाचं व्हर्नियर लावून. तिकडच्या मास्तरांनी त्याच दुपारी कळवलं, 'कडेला येताना फाइल खाली झुकते, म्हणून कोपरा गोल झालाय.' ड्रॉइंग दोघांकडे फर्स्ट अँगल या एकाच पद्धतीत, त्यामुळे भाषेवाचून काही अडलं नाही. हे शिकणं नाही तर काय आहे?

स्टुटगार्टकरीण:
मास्तर, मी इथे व्यवसाय शाळेत शिकवते. त्या शिक्षकाने तुम्हाला मदत केली आणि स्वतःची मान अडकवली. इथे शाळेच्या कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून राज्याने शिक्षकांना थ्रीमा हे मेसेजिंग ॲप दिलंय. २०२२ मध्ये तर डेटा संरक्षण आयुक्तांनी शाळांना बजावलं की मायक्रोसॉफ्ट ३६५ कायद्यात बसतं हे सिद्ध करा, नाहीतर पर्याय द्या. मूडल आणि मीटिंगसाठी बिगब्लूबटन आम्ही हौसेने वापरत नाही. तुमच्या पोराचा चेहरा, नंबर, आवाज कुठल्या सर्व्हरवर जातो याची काळजी तुम्हाला का नाही?

तासिकावाला:
काळजी करायला माणूस तर हवा! पदं रिकामी, आम्ही तासिका तत्त्वावर. जर्मनीचे सकाळचे ८ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. ऐन प्रॅक्टिकलची वेळ. मीटिंगला बसलो तर तो तास माझ्या बिलात धरत नाहीत. वर जुलैअखेर ते सुट्टीवर जातात ते सप्टेंबरपर्यंत, आणि आमचे नवे प्रवेश नेमके त्याच दिवसांत. कुठलंही ॲप आणा, वेळापत्रक कोण जुळवणार?

वायरमन_नाशिक:
फिटरचं ठीक आहे हो, माप ते माप. आमच्या ट्रेडमध्ये फोटोवर शिकवणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज (करंटची तार), काळा न्यूट्रल. त्यांच्याकडे निळा न्यूट्रल आणि काळा फेज! एका मीटिंगमध्ये तिकडच्यांनी पॅनलचा व्हिडिओ दाखवला, माझी पोरं म्हणाली, 'सर, उलटं जोडलंय.' कोणी खुलासाच केला नाही. तो व्हिडिओ आजही मूडलवर तसाच आहे.

पुण्याचा_पॅनलवाला:
यात जिवाशी खेळ कसला? रंगावर भरवसा ठेवून हात घालणारा वायरमनच नव्हे. आधी टेस्टर लावा. माझ्या कारखान्यात आयात मशिनं येतात, पोरं दोन दिवसांत सरावतात.

वायरमन_नाशिक:
टेस्टर मलाही कळतो, शिकवू नका. माझ्या चुलत्याला आयात मशिनच्या दुरुस्तीत शॉक बसला, निळी तार फेज समजून सोडून दिली आणि काळीला न्यूट्रल म्हणून हात लावला. ते वाचले, दोन बोटं गेली. पहिल्या वर्षाच्या पोराला सवय लागते ती रंगाचीच. तुमची 'दोन दिवसांत सरावतात'वाली पोरं आधी आमच्याकडून शिकून आलेली असतात.

पुण्याचा_पॅनलवाला:
चुलत्यांचं वाईट वाटलं, मनापासून. पण मग दोन्ही रंगसंगतींचे बोर्ड वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी लावा ना. त्याला जर्मन भागीदार कशाला हवा?

वायरमन_नाशिक:
वायर घ्यायला पैसे कोण देतं? कच्च्या मालाचं अनुदान किती येतं ते विचारा तासिकावाल्यांना.

तासिकावाला:
विचारू नका.

स्टुटगार्टकरीण:
रंगांचं भांडण थांबवा, कारण मुद्दा त्यातच आहे. तो व्हिडिओ मूडलवर आहे म्हणून निदान सापडतो, त्याखाली सूचना जोडता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर असता तर कधीच वर सरकून गेला असता. मास्तर, तुमच्या त्या डव्हटेलचा फोटो पुढच्या बॅचला दाखवता येईल का?

फिटर_मास्तर_सातारा:
नाही येणार. फोन बदलला, गेला. तेवढं तुमचं मान्य. पण 'सक्ती करा' हे मी मान्य करणार नाही. संगणक स्टोअरमधून बाहेर काढा, मीटिंगचा तास बिलात धरा, मूडल फोनवर मराठीत चालेल असं बसवून द्या. मग मी स्वतः पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू देणार नाही. तोवर पोराला आज दुपारी उत्तर मिळतंय ते मी बंद करायचं का?

स्टुटगार्टकरीण:
त्या शिक्षकाला नोटीस आली तर ते उत्तरही बंद होईल. निदान चेहरा आणि नाव न येता फक्त जॉबचा फोटो पाठवायला सांगा.

फिटर_मास्तर_सातारा:
हे करतो. उद्यापासून.

वायरमन_नाशिक:
आणि त्या व्हिडिओखाली सूचना कोण घालणार? ॲडमिन जर्मनीत आहे, मला हक्क नाहीत.