गोल्डन रिट्रीव्हर दत्तक घेण्याची आमची तयारी झाली आहे का?

प्रश्न

आम्ही दोघेही पूर्णवेळ नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि गोल्डन रिट्रीव्हर दत्तक घेण्याचा विषय घरात बरेच दिवस चालू आहे. या जातीच्या मायाळू स्वभावाबद्दल आम्ही पुष्कळ वाचले आहे आणि हौसही कमी नाही. मात्र सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत घराला कुलूप असते. आपली तयारी झाली आहे हे नेमके कशावरून ओळखावे? ज्यांनी ही जात सांभाळली आहे त्यांनी स्पष्टपणे सांगावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

कुलपाचा उल्लेख आपण स्वतःहून केलात हे चांगले झाले, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडतो. घर केवढे आहे याला लोक उगाच महत्त्व देतात. घरात माणूस किती वेळ असते, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये ही जात तयार झाली ती शिकाऱ्याने टिपलेले पक्षी पाण्यातून आणि झुडपांतून अलगद तोंडात धरून आणून देण्यासाठी. माणसाच्या सोबतीने काम करत राहणे तिच्या रक्तातच आहे, त्यामुळे रोज नऊ तास एकटे ठेवलेला गोल्डन भुंकू लागतो, दारे ओरबाडतो, सोफा फाडतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला तर तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ लघवीही धरून ठेवता येत नाही. दुपारी कोण येणार आणि त्या व्यक्तीला अडचण आली तर दुसरे कोण, हे नावानिशी सांगता येत नसेल तर तयारी झालेली नाही, असे मी म्हणेन.

पिल्लाचा फोटो पाहून सगळेच भाळतात, पण खरी कसोटी लागते ती साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत. अंगापिंडाने कुत्रा जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो, नराचे वजन तीस किलोच्या आसपास जाते आणि समज मात्र पिल्लाचीच असते. या काळात तो जे दिसेल ते तोंडात धरतो. गिळलेला मोजा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते, म्हणून ‘सोड’ ही आज्ञा लवकर शिकवावी. मोजा पळवला म्हणून त्याच्या मागे धावू नये, कारण त्याला तो खेळ वाटतो. शांतपणे जवळ जाऊन खाऊचा तुकडा नाकाशी धरावा आणि जबडा सैल होऊन मोजा खाली पडत असतानाच ‘सोड’ म्हणून तुकडा द्यावा. हे दिवसातून अनेकदा, न चिडता करावे लागते. मुलीला या शिकवण्यात जरूर घ्यावे, पण एवढ्या ताकदीच्या कुत्र्याचा पट्टा एकटीच्या हाती देऊ नये आणि त्याची जबाबदारीही तिच्यावर टाकू नये.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. केसांबद्दल थोडे लिहितो. वर लांब केस आणि खाली मऊ, दाट लव असे दुहेरी आवरण असल्याने केस वर्षभर गळतात आणि ऋतू बदलताना तर फारच. आठवड्यातून दोन-तीनदा तरी विंचरावे लागते, तेही वरवर नव्हे: कानांमागे आणि मागच्या पायांच्या झुपक्यांत बोटे मुळापर्यंत घालून पाहावे, कारण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या केसांखाली गुंता घट्ट बसलेला असतो आणि त्याखालची कातडी लाल झालेली सापडते. उन्हाळ्यात केस भादरून टाकू नयेत. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर निर्णयापूर्वी गोल्डन असलेल्या घरात काही तास घालवून पाहावेत.

तिसरा प्रतिसाद

खर्चाचा विचार करताना खाद्य आणि लसी एवढ्यावर थांबू नये. या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष, त्वचेचे व कानांचे विकार नेहमी आढळतात आणि कर्करोगाचे प्रमाण इतर अनेक जातींपेक्षा जास्त आहे. त्याचीच कारणे शोधण्यासाठी अमेरिकेतील मॉरिस ॲनिमल फाउंडेशन 2012 पासून तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हरांचा आयुष्यभराचा अभ्यास करत आहे. पिल्लू घेणार असाल तर त्याच्या आईवडिलांच्या खुबा, कोपर, हृदय आणि डोळ्यांच्या तपासण्यांचे अहवाल मागावेत. ते दाखवण्यास टाळाटाळ झाली तर तिथून पिल्लू घेऊ नये. आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षांचे असते, म्हणजे आपली मुलगी विशीत असताना घरात म्हातारा कुत्रा असेल आणि त्याचे करणे आपल्या दोघांवर येईल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पिल्लाचा विचार आम्ही सध्या बाजूला ठेवत आहोत. चार-पाच वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला, माझे आठवड्यातले तीन दिवस घरून काम ठरले आणि उरलेल्या दोन दिवशी दुपारी सासूबाई आल्या, तर जमेल का?

पहिला प्रतिसाद देणारे

या परिस्थितीत जमण्यासारखे आहे, आणि प्रौढ कुत्र्याचा स्वभाव आधीच पाहता येतो हा मोठा फायदा आहे. त्याला आधीचे घर का सोडावे लागले, एकटा असताना तो काय करतो, खाताना कोणी जवळ गेले तर गुरगुरतो का, हे विचारून घ्यावे. मुलीला आणि सासूबाईंना घेऊन त्याला निदान दोन-तीनदा भेटावे, कारण उत्साहाच्या भरात त्याने उडी मारली तर तोल जाण्याची भीती सासूबाईंनाच जास्त आहे. घरून काम नक्की झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत मात्र कुठेही शब्द देऊ नये.