मुलाखतीला सूट घालणे: शिष्टाचार की सोंग?

कोथरूडकर:

परवा येथे ‘निवृत्त व्यवस्थापक’ यांनी लिहिले, की मुलाखतीला सूट आणि टाय न घालता येणारा उमेदवार समोरच्याचा अपमान करतो, आणि अशा उमेदवाराला ते पहिल्या दोन मिनिटांतच मनातून बाद करीत असत. दोन दिवस गप्प बसून पाहिले, पण राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या धाकट्या भावाची मुलाखत गेल्या मे महिन्यात हिंजवडीला फेज थ्रीमध्ये होती, दुपारी २ वाजता. घरच्यांच्या आग्रहाखातर त्याने मित्राचा निळा ब्लेझर घातला, जो त्याला खांद्यांत सैल आणि बाह्यांत आखूड होता. मनपाहून निघालेली बस वाकडच्या पुलाजवळ पाऊण तास अडकली आणि तो पोहोचला तेव्हा पाठीला शर्ट चिकटलेला होता. मुलाखत घेणारे दोघेही टी-शर्टात होते. त्यांतल्या एकाने हसत विचारले, “लग्नाहून थेट आलात का?” नोकरी मिळाली नाही ती वेगळ्या कारणाने, पण घरी आल्यावर तो म्हणाला, की उत्तरे देताना अर्धे लक्ष मनगटावरून वर सरकणाऱ्या बाह्यांकडेच होते.

इन्फोसिससारख्या कंपनीने २०१५ सालीच आठवडाभर साध्या, नीटनेटक्या कपड्यांना मुभा दिली. जेथे काम करणारा टाय लावत नाही, तेथे काम मागायला आलेल्याने तो लावावा, यात मान कसला? माझा नियम सोपा आहे: त्या ठिकाणचे लोक रोज जे घालतात, त्याहून एक पायरी वर. तेथे टी-शर्ट चालत असेल, तर आपण पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा शर्ट इन करून जावे. तेथे सूटच असेल, तर मात्र सूट.

निवृत्त व्यवस्थापक:

माझ्या लिहिण्यातले अर्धेच वाक्य उचलून आपण लेख सजवला आहे. सूटचा मुद्दा मी विक्री, बँका आणि व्यवस्थापनाच्या जागांसंबंधी मांडला होता. आयटीतल्या मंडळींना सगळे जग हिंजवडीसारखेच वाटते, त्याला माझा इलाज नाही.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी ३१ वर्षे काढली. गुणपत्रिकेवरून उमेदवाराने तीन-चार वर्षांत काय केले ते कळते. आदल्या संध्याकाळी त्याने काय केले, ते कपड्यांवरून कळते. एक मुलगा आठवतो. त्याच्या शर्टाची कॉलर इतकी विरली होती, की कडेचे दोरे दिसत होते, परंतु बाहीवरची घडी सुरीसारखी होती आणि जुन्या बुटांना पॉलिश होते. त्याला मी घेतले, आणि पुढे तो खात्याचा प्रमुख झाला. त्याच दिवशी दुसरा एक जण महागडी जीन्स घालून, शर्ट बाहेर सोडून आला होता. त्याचे गुण पहिल्यापेक्षा अधिक होते, तरी त्याला मी परत पाठवले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

चाकणचा फोरमन:

साहेब, आपल्या गोष्टीतल्या त्या मुलाने सूट घातलेला नव्हता, एवढे नम्रपणे नोंदवतो.

आमच्याकडे देखभाल विभागाच्या जागेसाठी एक उमेदवार लालभडक टाय लावून आला होता. तोंडी परीक्षा बरी दिली, म्हणून त्याला शॉप फ्लोअर दाखवायला नेले, आणि लेथजवळ पोहोचताच आमच्या सर्वांत जुन्या कामगाराने त्याला थांबवून टाय काढून खिशात ठेवायला लावला. चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण करणाऱ्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, असे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २२ मध्ये होते. टायचे टोक लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम धरून फिरणाऱ्या पकडीत गेले, तर पुढे काय होते ते येथे लिहीत नाही. आम्ही उमेदवाराचे बूट पाहतो. सँडल घालून आलेल्याला आत नेता येत नाही.

नव्या पेठेतला उमेदवार:

आमच्याकडे हा वाद निकालात निघालेला आहे, कारण विचारण्याची कोणाची हिंमतच नसते. यूपीएससीच्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे, त्यामुळे मुख्य परीक्षेचा निकाल लागला, की मुले आधी ब्लेझरचे माप द्यायला लक्ष्मी रस्त्याकडे धावतात. मेसचे दोन महिन्यांचे पैसे त्यात जातात. उसन्या ब्लेझरवर हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

सिंहगड रस्त्यावरील शिक्षिका:

टाय आणि ब्लेझर यांपलीकडेही मुलाखती होतात, याची येथे कोणाला आठवण आहे काय?

शिक्षकांच्या पोशाखाबाबत राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये जे ठरवले, त्यात स्त्रियांसाठी साडीही आहे आणि सलवार-कुर्ता-ओढणीही आहे. तरीही खाजगी शाळांतून दूरध्वनी येतो तो “साडी नेसून यावे” असाच. गेल्या जुलैत मी धायरीहून निगडीपर्यंत स्कूटरवर, रेनकोटाखाली सहावारी नेसून गेले. निऱ्या घोट्याच्या वर वीतभर भिजल्या आणि चिखलाने माखल्या. नमुना पाठ घेताना फळ्यावर हात उंचावला, की पिन खांद्यावर ओढली जात होती. अपूर्णांकांचा पाठ माझा हातखंडा आहे, पण त्या दिवशी मी तो पदर सांभाळत घेतला. संचालिका बाईंनी मात्र शेवटी शेरा दिला, तो “पोशाख थोडा विस्कळीत” असा.

निवृत्त व्यवस्थापक:

बाई, आपल्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे. परंतु साडी अडचणीची असते, हे नव्या पिढीने काढलेले निमित्त आहे. माझी आई जन्मभर लुगडे नेसून शेतात राबली, तिला कधी ते आड आले नाही.

सिंहगड रस्त्यावरील शिक्षिका:

आपल्या मातोश्रींविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते. त्या नऊवारी नेसत असतील, तर काष्टा घालून, म्हणजे दोन्ही पाय मोकळे ठेवून नेसत असतील. सहावारी नेसून स्कूटर चालवणे हा निराळा प्रकार आहे आणि तो आपण एकदा करून पाहावा. शिवाय आपले वडीलही धोतर नेसूनच शेतात राबले असतील. आपण भोसरीच्या मुलाखतीला धोतर नेसून गेला होतात काय?

निवृत्त व्यवस्थापक:

वैयक्तिक पातळीवर उतरण्याची गरज नव्हती.

कोथरूडकर:

आईचा दाखला आपणच दिलात, साहेब.

कसब्यातली जुनी बाई:

मी शिक्षिका बाईंच्या विरोधात लिहिणार आहे, क्षमा असावी. बाविसाव्या वर्षी मी नोकरीला लागले तेव्हा पंजाबी ड्रेसमध्ये मला शाळेचा शिपाईसुद्धा दहावीची विद्यार्थिनी समजत असे. मुलाखतीला सुती साडी नेसले आणि समोरच्यांचा स्वर बदलला. हे योग्य आहे असे म्हणत नाही, परंतु ते घडले आणि त्याचा मी उपयोग करून घेतला.

सिंहगड रस्त्यावरील शिक्षिका:

उपयोग होतो, हे नाकारत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. साडी आईच्या कपाटातून मिळते, ब्लाउज मिळत नाही. आईचा मला दंडात घट्ट आणि पाठीत ढगळ होतो. मुलाखतीचा निरोप येतो तो तीन दिवस आधी आणि आमचे शिंपीकाका वार सांगतात पुढच्या आठवड्यातला. शेवटी मी आईच्याच ब्लाउजची आतली शिवण रात्री अकराला उसवत बसते. कोथरूडकरांच्या भावाच्या आखूड बाह्यांचे मला म्हणूनच हसू आले नाही.

कोथरूडकर:

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ‘एक पायरी वर’ हा माझा नियम पुरुषांच्या कपाटाकडे पाहून केलेला आहे, हे कबूल करतो.

निवृत्त व्यवस्थापक:

उसना, मापात न बसणारा ब्लेझर घालण्यापेक्षा आपला स्वतःचा शर्ट बरा, एवढे मी मान्य करतो. चाकणकरांनी माझीच गोष्ट माझ्यावर उलटवली, तेही चालेल. टी-शर्टाला मात्र माझी संमती कोणीही गृहीत धरू नये.

कोथरूडकर:

ती आपणाकडे कोणी मागितली होती, ते वाक्य कृपया दाखवावे.

सिंहगड रस्त्यावरील शिक्षिका:

येत्या सोमवारी माझी आणखी एक मुलाखत आहे. या वेळी मीच शाळेत दूरध्वनी करून विचारले. लिपिक बाई म्हणाल्या, “ड्रेस चालेल, पण शक्यतो साडी.” मी ‘चालेल’ एवढेच ऐकले आहे. पांढरा सुती कुर्ता, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिन.

कसब्यातली जुनी बाई:

पांढरा नको, पावसाचे दिवस आहेत. स्कूटरच्या मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर उडतो.