गोळी, काडतूस, बार, बोअर: नेमकं कशाला काय म्हणावं?

लातूर
आमच्या नात्यातल्या एका काकांना पिस्तुलाचा परवाना मिळालाय. त्यांनी इंग्रजीतला एक लेख हातात ठेवला नि म्हणाले, "आत्मसंरक्षणासाठी गोळी कोणती घ्यावी ते यात आहे, मराठीत सांग." दुसऱ्याच ओळीला अडलो. दुकानातून डबीत येते ती वस्तू आणि नळीतून सुटून अंगाला लागते ती वस्तू, या दोहोंना तिथं वेगळे शब्द आहेत. मी दोन्हीला गोळीच म्हणत आलोय. गोळ्या विकत घेतल्या, गोळी लागली, गोळी सापडली. यातली सापडलेली कोणती, न वापरलेली की भिंतीतून उकरून काढलेली? काडतूस म्हणावं तर पेपरात ते कायम "जिवंत" असतं आणि गावठी कट्ट्याशिवाय येत नाही. परवानावाल्या सभ्य माणसाला ते शोभंल का? लेखात काय लिहू, म्हणून विचारायलोय.

परभणी
काडतूसच लिहा. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी दाबून बसवलेली गोळी. टोपी म्हणजे काय हे कळायला दिवाळीतली टिकली आठवा. ठोका बसला की ती पेटते, तिनं दारू पेटते, गोळी जाते आणि पुंगळी मागं राहते. म्हणजे विकत घेतो ते काडतूस, लागते ती गोळी, पंचनाम्यात बहुतेक सापडते ती पुंगळी.

शब्द मूळचा कागदाचा आहे. युरोपात दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधायचे, त्या सुरळीचं नाव पोर्तुगिजांच्या मार्गानं आपल्याकडं आलं. 1857 ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला तीही कागदीच होती, दातानं फोडायची. "जिवंत" हा इंग्रजीचा शब्दशः उतारा. "न वापरलेलं" म्हटलं की काम भागतं.

नांदेड
एक गंमत. दारू हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. "दवादारू"तली दारू तीच. गोळीही औषधाची असतेच. म्हणजे दारूगोळा हा शब्द वैद्याच्या दुकानातला वाटावा असा आहे. आणि बंदूक? अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट हे कवचाचं फळ. त्यावरून तेवढ्या आकाराची फेकायची गोळी, आणि त्या गोळीवरून ती फेकणारं हत्यार. म्हणजे तुमचा गोंधळ अरबांनी आधीच करून ठेवलाय. त्यांनी तर गोळीलाच बंदूक केलं.

अंबाजोगाई
बार विसरलात. आमचे आजोबा "दोन बार काढले" असंच म्हणायचे, गोळी हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. बार म्हणजे एका वेळी भरायचा ऐवज. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरून गजानं ठासायचं, हा झाला एक बार. तंबाखूचा बार भरतो तो याच हिशेबानं. लग्नाचा बार उडवतो तोही. दारू ओली निघाली की फुसका बार. पण पिस्तुलाला बार म्हणू नका, तिथं ठासायचं काही नसतं. बार रानातल्या बंदुकीचा, रोही आणि डुकरं हाकलायचा.

लातूर
बाराचं पटलं. पण खरा घोळ पुढं आहे. नातेवाईक म्हणायलेत, "बत्तीस बोअर". आमच्याकडं बोअर म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो तो रिग आणि धुरळा. मी गमतीनं विचारलं, किती फुटाला पाणी लागलं? पण हसून झाल्यावर लक्षात आलं, शब्द एकच आहे. दोन्हीकडं भोकाचा व्यास. विंधन विहिरीचा साडेसहा इंची, यांचा इंचाच्या शंभर भागांतले बत्तीस, म्हणजे सुमारे 8 मिलिमीटर. मग छर्र्यांच्या बंदुकीला बारा बोअर म्हणतात ते काय? बारा इंच तर नव्हे!

परभणी
नव्हे. आत बारा छर्रे असतात असं बरेच जण सांगतात, तेही चूक. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की भोक लहान होतं. वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक. बत्तीसचा हिशेब वेगळा, तो थेट इंचाचा. दोन निराळ्या मापांना एकच "बोअर" लावलाय, त्याला आपण काय करणार.

पण दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं, म्हणजे फिरत्या चक्रीच्या हत्याराचं, बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि बुडाला ठळक कड असते. पिस्तुलाचं आखूड. नाव एक, वस्तू दोन.

नांदेड
आणि त्या इंग्रजी लेखात बहुतेक 9 एमएमचीच चर्चा असणार. आपल्याकडं ते निषिद्ध बोअरात येतं, सामान्य परवान्यावर मिळत नाही. परवान्यावर हत्यार, बोअर आणि काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. लेख जिथला आहे तिथल्या माणसापुढं पंचवीस डब्या मांडलेल्या असतात म्हणून तो "निवड" म्हणतो. इथं निवड कसली, मिळेल ते घेणं.

लातूर
बरोबर, निम्मा लेख त्यातच गळाला. पण उरलेल्यात दोन शब्द आहेत. एक, टोकाला खळगा असलेली गोळी, जी अंगात शिरली की पसरते. दुसरा "स्टॉपिंग पॉवर". पहिल्याला "पोकळ टोकाची" म्हटलं, पण त्यातून ती काय करते ते कळत नाही.

अंबाजोगाई
"फुलणारी गोळी" म्हणा. ज्वारीची लाही फुलते तशी. पूर्ण तांब्याचं वेष्टन असलेली फुलत नाही, आरपार जाऊ शकते. पत्र्याच्या खोल्या शेजारीशेजारी असल्या की हा फरक शेजाऱ्याच्या जिवाचा. आमच्या जुन्या माळवदाच्या वाड्यात तेवढी काळजी नव्हती, भिंतीच हात-दीड हात जाड. अशी फुलणारी गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात झाली, म्हणून तिला दमदम गोळी म्हणतात. 1899 च्या हेग परिषदेनं ती युद्धात वर्ज्य केली. त्यामुळं ती सगळीकडंच बंद असं लोक धरून चालतात, पण तो करार लढाईपुरता आहे. अमेरिकेतले पोलीस सर्रास वापरतात. तिथं 1986 च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयनं मांसाच्या जागी जिलेटिनच्या ठोकळ्यात मारून मोजायला सुरुवात केली: गोळी 12 ते 18 इंच शिरली पाहिजे, कमी नको, जास्त नको.

एक सांगून ठेवते. टोकाला खळगा असलेलं काडतूस काही पिस्तुलांत नळीत चढताना अडकतं. फुलणं राहिलं बाजूला, बारच फुसका.

परभणी
"स्टॉपिंग पॉवर"ला कृपया "मारकता" लिहू नका. मारणं आणि थांबवणं यात कायदा फरक करतो. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वतःच्या बचावाच्या हक्काची आहेत, आणि कलम 37 सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. परवानाधारकानं "मला मारक गोळी हवी" असं कुठं लिहून ठेवलं तर उद्या तेच वाक्य त्याच्यासमोर वाचलं जाईल. "रोखशक्ती" कशी वाटते?

नांदेड
रोखशक्ती म्हणजे रोकड वाटते. सहकारी बँकेची जाहिरात.

लातूर
"थांबवण्याची ताकद" लिहितो, लांब झालं तरी चालंल. काडतूस, गोळी, पुंगळी, टोपी हे पक्के. फुलणारी गोळी तर काकांना लगेच कळली. एकच राहिलं: आमच्या गल्लीतले काही जण पुंगळीला खोका म्हणतात. तो लिहू का?

अंबाजोगाई
नका. 2022 पासून खोक्याचा अर्थ पार बदललाय. तुमच्या काकांच्या घरी खोके सापडले, असं कुणी वाचलं तर पोलिसांआधी दुसरेच लोक दारात येतील.